असईचा उतार आणि कप्तान नेमो

बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या शिवेवर वसलेले असून या शिवेच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा दक्षिणेकडील, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणभूमीपर्यंत जातो. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळना नदीकाठी आलेल्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला वाटाड्यांनी जवळपास उतार नसल्याचे, म्हणजे नदी पायी ओलांडण्याजोगी जागा नसल्याचे सांगितले होते. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसताच त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे असा तर्क त्याने केला, तो खरा ठरला आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. वऱ्हाडात तोवर दोअमली होती, म्हणजे मुलूख नावाने निजामाचा असला तरी महसुलाचा मोठा वाटा नागपूरकर भोसले घेत. ती त्याच वर्षीच्या डिसेंबरातील देवगावच्या तहाने संपली. पुढे 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, मराठवाडा मात्र 1948 पर्यंत निजामाच्याच अमलाखाली राहिला.

तो तर्क चुकला असता तर काय घडले असते, हा प्रश्न इतिहासकार सहसा बाजूला ठेवतो, तर साहित्यात त्याच प्रश्नावर ‘पर्यायी इतिहास’ नावाचा प्रकार उभा आहे. भूतकाळातील एखादी घटना बदलून तिच्यापासून निघणारे निराळे जग त्यात रंगवले जाते. मराठीत त्याचे सर्वांत नेमके उदाहरण जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत सापडते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतच्या लढाईत पेशव्यांचे पुत्र विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांना केवळ चाटून गेली आणि मराठे जिंकले, अशा जगात इतिहासाचा एक प्राध्यापक जाऊन पोचतो, तेथील बखरीचे एक पान त्याच्याजवळ राहते, आणि या दोन जगांचा उलगडा पुंजभौतिकीच्या, म्हणजे अणूहूनही सूक्ष्म कणांच्या शास्त्राच्या, आधारे केला जातो. इतिहास येथे शोभेपुरता येत नाही. ते पान काढून टाकले तर कथाच उरत नाही.

कुमार वाचकांसाठी इतिहास आणि विज्ञान यांचा असा मेळ घालण्याची मूळ परंपरा मात्र फ्रान्समधली. ज्यूल व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या हेत्झेल या प्रकाशकाच्या, मुलांच्या शिक्षणासाठी आणि मनोरंजनासाठी निघणाऱ्या पाक्षिकातून क्रमशः आल्या. मराठीत व्हर्न आला तो 1900 च्या सुमारास, ‘केरळ कोकिळ’ मासिकातील ‘चंद्रलोकची सफर’ या लेखनातून. त्यानंतर नाथमाधवांनी एकीकडे स्वराज्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि दुसरीकडे ‘श्रीनिवासराव’ ही विज्ञानाकडे झुकणारी कादंबरी लिहिली. लेखणी एकच असूनही हे दोन प्रवाह निरनिराळ्या पुस्तकांतून वाहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भा. रा. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा पुस्तकांतून व्हर्नला मराठी मुलांच्या घरचा करून टाकले. यांपैकी शेवटच्या पुस्तकामागील मूळ कथेत धूमकेतू पृथ्वीला घासून तिचा एक तुकडा पळवतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये, कारण सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, अशनी आदळून बेसाल्ट खडकात झालेले लोणारचे विवर त्याच्याच जिल्ह्यात आहे.

या परंपरेत इतिहासाची खरी हानी व्हर्नच्या कप्तान नेमोच्या बाबतीत झालेली दिसते. समुद्राखालच्या प्रवासाच्या कादंबरीत व्हर्नने नेमोचा देश सांगितलेलाच नाही. आरंभी तो रशियाविरुद्ध उठलेला पोलिश सरदार असावा अशी योजना होती, ती प्रकाशकाच्या आग्रहामुळे मागे पडली. पुढे 1875 मध्ये पूर्ण झालेल्या गूढ बेटाच्या कादंबरीत तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार असल्याचे आणि 1857 च्या उठावात लढून, पराभवानंतर समुद्राचा आश्रय घेतल्याचे उघड होते.  मात्र ज्या मुलाच्या हाती केवळ पहिल्या कादंबरीचे रूपांतर पडते, त्याला अजब पाणबुडी आणि तिचा विक्षिप्त कप्तान भेटतो, पण त्याच्या संतापामागचे 1857 भेटत नाही. मोठ्या कादंबरीचा कुमारांसाठी संक्षेप करताना पहिली कात्री सनावळ्यांना आणि राजकारणाला लागते, यंत्रे आणि साहसे तेवढी शिल्लक राहतात. व्हर्नच्या बाबतीत तर दोन पुस्तके वेगळी असल्यामुळे ही काटछाट आयतीच होऊन जाते.

म्हणून नेमो पुन्हा मराठीत आणणाऱ्या लेखकाने दोन्ही कादंबऱ्या एकत्र घेऊन कथा सांगावी, आणि पानांची मर्यादा आड आली तर एखादे समुद्री साहस गाळावे, 1857 गाळू नये.