टेन्शन, थकवा आणि बदललेलं आयुष्य : समुपदेशनात नेमकं काय होतं, आपल्या जिल्ह्यात कुठे मिळतं?

गोंदिया : रोवणी आटोपली की मजुरांचे पैसे, बचत गटाचा हप्ता, पोरांची फी सगळंच एकदम अंगावर येतं. रात्री डोळा लागत नाही, छाती धडधडते, हातपाय गळून जातात. ईसीजी नॉर्मल निघतो. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." पण टेन्शन न घेणं म्हणजे नेमकं करायचं काय, ते कोणी सांगत नाही. समुपदेशनाचं काम इथूनच सुरू होतं.

समुपदेशनाच्या अनेक पद्धती आहेत. त्यातली 'व्यक्तिकेंद्री' पद्धत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (1902–1987) यांनी मांडली. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाच्या आयुष्याची सगळ्यात जास्त माहिती त्या माणसालाच असते, म्हणून समुपदेशकाने उपदेश करू नये. समोरच्याच्या जागी जाऊन ऐकावं, त्याला चूक-बरोबर ठरवू नये आणि स्वतःही खोटं वागू नये.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण आपल्याकडे काय होतं? नवरा गेलेली बाई रडायला लागली की चार जण सांगतात, "पोरांकडे पाहून जग." भावाभावांत बांध्यांची वाटणी होऊन एकटा पडलेला माणूस बोलला, तर "तुझ्यापेक्षा लोकांचं वाईट आहे" असं ऐकावं लागतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण बोलणाऱ्याचं तोंड तिथेच बंद होतं. समुपदेशक मात्र विचारतो, "घरी सांजच्या वेळी सगळ्यात जड काय वाटते?" मग थांबतो. पाच मिनिटं कोणी बोललं नाही तरी चालतं. तिथे झालेलं बोलणं बाहेर सांगायचं नाही, हा नियम असतो. फक्त जिवाला धोका असेल तर घरच्यांना किंवा डॉक्टरला कळवलं जातं.

प्रत्येकाला एवढ्यानेच बरं वाटतं असं नाही. भीतीचे झटके येत असतील तर श्वासाचे व्यायाम, विचार तपासण्याची पद्धत लागते, कधी गोळीही लागते. गोळी घेणं म्हणजे 'पागल' ठरणं नव्हे.

समुपदेशन खेड्यात चालतं का, याचं उत्तर विदर्भातच मिळालं आहे. 'संगत' संस्थेच्या 'विश्राम' प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील 30 गावांमध्ये गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन समुपदेशन सुरू केलं गेलं. 2017 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं होतं.

कामाचा थकवा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. अंगातली ताकद संपणं, कामाविषयी मन विटणं आणि आपल्याने काही होत नाही असं वाटणं, या तिच्या खुणा. आशा सेविका, शिक्षक, एसटी चालक यांना हे वाचून ओळखीचं वाटेल. इथे नुसतं "सकारात्मक राहा" सांगणं म्हणजे अन्यायच. कामाचा बोजा आणि मानधनाचा प्रश्न तसाच राहिला, तर समुपदेशन किती पुरणार?

'समग्र उपचार' या नावाखाली तेल, ताईत, महागडी शिबिरं विकणारेही आहेत. खरं समग्र म्हणजे शरीरही तपासणं. आपल्या भागात सिकलसेल आहे, बायांमध्ये रक्त कमी असतं. थायरॉइडनेही धडधड आणि थकवा येतो. म्हणून आधी रक्ततपासणी करून घ्या.

मदत कुठे? सगळ्यात सोपी म्हणजे टेली-मानस. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या या सरकारी सेवेचा नंबर 14416. फोन फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून दिलं जातं. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर गोंदियात वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या केटीएस रुग्णालयात मनोविकार विभाग विचारावा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या लोकांनी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या दिवशी येतं ते आधी विचारून घ्यावं, म्हणजे एका दिवसाची मजुरी वाया जाणार नाही. गंभीर आजारासाठी नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

खाजगीत जाताना एक पाहा. गोळी लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला लाजू नये.

मरणाचे विचार येत असतील, घरात फवारणीचं औषध असेल, तर ते आधी दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि लगेच 14416 लावा. कुणी तसा प्रयत्न केला असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.