सारख्या आठवणींच्या वेगळ्या नोंदी

रक्तदाबाची गोळी आज घेतली, की ती कालची आठवण? रोज तशाच घडणाऱ्या प्रसंगांतील हा घोळ टाळण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस करतो. कानशिलांच्या आतल्या बाजूस असलेल्या या भागाचा आकार समुद्रघोड्यासारखा असल्याने त्याला हे ग्रीक नाव मिळाले. त्यातील डेन्टेट जायरस या पट्ट्यात चेतापेशी विपुल आहेत. मात्र एका वेळी त्यांपैकी फारच थोड्या उद्दीपित होतात. त्यामुळे दोन अनुभवांत बरेच साम्य असले, तरी त्यांची नोंद बव्हंशी निरनिराळ्या पेशींत होते. याउलट शेजारचा 'सीए ३' हा भाग अर्धवट खुणेवरून संपूर्ण आठवण जुळवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड मार यांनी १९७१ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या स्मृतिकार्याचे गणिती प्रतिमान मांडले. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी स्वयंसेवकांना किंचित फरक असलेल्या वस्तूंची चित्रे दाखवून मेंदूचे चित्रण केले. तेव्हा तो फरक या दोन भागांच्या परिसरात टिपला जात असल्याचे दिसले. वार्धक्यात ही क्षमता मंदावते आणि नवी गोष्टही जुनीच भासू लागते. विस्मरणाइतकीच ही सरमिसळही घातक ठरते. कारण तिच्यामुळे कालचीच आठवण आजची वाटते आणि आजची गोळी राहून जाते.