पाटा-वरवंटा घेताना : काळा पाषाण आणि टाकीचे घाव

मिक्सर घरोघरी पोहोचल्यानंतर ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील स्वयंपाकघरांतून पाटा-वरवंटा मागे पडला; धार्मिक विधींतून मात्र तो गेला नाही. पाचवीच्या पूजेला पाटा-वरवंटा लागतो, बारशाला वरवंटा बाळाशेजारी पाळण्यात ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे आणि लग्नघरी मुहूर्ताची हळद जात्यावर दळली जाते. ठेचा, चटणी वा मसाल्याच्या वाटणासाठी ही दगडी साधने हौसेने घेणारेही आहेत. अशी खरेदी करताना दगड ओळखता येणे आणि तो घडवणाऱ्या कारागिराचे काम ठाऊक असणे उपयोगी पडते.

लाव्हारसाचा दगड

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हारसापासून बनला आहे. त्यातून तयार झालेला बेसॉल्ट म्हणजेच आपला काळा पाषाण किंवा काळा फत्तर. मुंब्रा, पारसिक, मलंगगड हे परिसरातील डोंगर याच खडकाचे. तो कठीण, पाणी कमी शोषणारा आणि घर्षणाला टिकणारा असल्याने दळण-वाटणासाठी योग्य ठरला. मेक्सिकोतही ज्वालामुखीच्या खडकापासून 'मोल्काहेते' हा तीन पायांचा खल पिढ्यानपिढ्या घडवला जातो.

या दगडातून किती नाजूक काम होऊ शकते, याचा दाखला पूर्वी कल्याण तालुक्यात मोडणाऱ्या अंबरनाथ येथे आहे. वालधुनी नदीकाठचे तेथील शिवमंदिर शिलाहार राजवटीतील असून शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख आढळतो. त्याच्या भिंतींवरील मूर्ती काळ्या पाषाणातच कोरलेल्या आहेत.

घडण कशी होते?

दगड फोडणे आणि घडवणे हा वडार आणि पाथरवट समाजांचा परंपरागत व्यवसाय. मोठ्या दगडावर रेषा आखून त्यावर ओळीने खाचा पाडतात. खाचांत लोखंडी पाचरी बसवून घणाचे घाव घातले की दगड त्या रेषेत फुटतो. पुढचे काम छिन्नी, टाकी आणि हातोडीचे. पाट्याची पाठ सपाट करणे, माथा निमुळता करणे, वरवंट्याला लांबट गोलाई देणे आणि शेवटी पाट्यावर बारीक टाके मारणे, असा हा क्रम असतो. कठीण दगडावर टाकी लवकर बोथट होते. ती भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा पाणी द्यावे लागते. उडणाऱ्या कपच्यांमुळे डोळ्यांना इजा होण्याचा धोका या कामात कायमचाच.

निवडताना

* दगडावर हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर दगड सलग आहे. बद्द आवाज आतील तडा सुचवतो.
* वाटण्याच्या भागावर मोठी छिद्रे किंवा पांढरे ठिपके नसावेत. ठिपके हे लाव्हातील पोकळ्यांत साठलेल्या मऊ खनिजांचे असतात आणि ती वाटताना निघू शकतात.
* ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे. काळा रंग उतरला तर दगडाला रंग लावलेला आहे किंवा वस्तू सिमेंटची आहे, असे समजावे.
* वजन तपासावे. एक घनफूट बेसॉल्ट सुमारे ८० किलो भरतो. त्या हिशेबाने दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि अडीच इंच जाड पाटा २० ते २५ किलोचा असतो.
* वरवंटा दोन्ही हातांत धरून पाट्यावर फिरवून पाहावा. तो डगमगला तर वाटण नीट होत नाही.

वापर आणि निगा

नवा पाटा ब्रशने घासून धुवावा. त्यावर भिजवलेले तांदूळ आणि जाडे मीठ वाटून टाकून द्यावे. वाटणातील करडेपणा आणि कचकच जाईपर्यंत ही कृती पुन्हा करावी. रोजच्या धुण्यासाठी पाणी आणि ब्रश पुरेसा असतो. साबणाचा वास टाक्यांत राहतो. धुतल्यावर पाटा उभा करून वाळवावा.

टाकी लावणारे

वापराने टाके झिजतात आणि पाटा गुळगुळीत होतो. मग कितीही रगडले तरी वाटण बारीक होत नाही. अशा वेळी पाट्याला पुन्हा टाकी लावावी लागते. पूर्वी वाड्या-चाळींतून आरोळी देत फिरणारे टाकीवाले हे काम करीत. पाटा पिढ्यानपिढ्या टिकतो, त्यामुळे घडवणाऱ्याला त्याच घरात दुसऱ्यांदा विक्री क्वचितच मिळते. टाकी लावण्याचे काम मात्र पुन्हा पुन्हा निघते. ते बंद पडले की कारागिराच्या कमाईचा हा आधार तुटतो आणि घरातला पाटाही निरुपयोगी होतो.

म्हणून पाटा थेट कारागिराकडून घेताना तो टाकी लावून देण्यास पुन्हा येईल का, हे विचारून घ्यावे. किमतीत घासाघीस करण्याआधी दगडाची वाहतूक, टाकीची धार आणि हातांची मेहनत ध्यानी घ्यावी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते घाव घालणारे हात टिकवणे ग्राहकाच्याही हाती आहे.