प्राचीन मराठी वाङ्मय : कर्त्यांचे वैविध्य

तेराव्या ते सतराव्या शतकांतील मराठी वाङ्मयाचे कर्ते जात, धर्म व लिंग या तिन्ही दृष्टींनी भिन्न होते. आद्य कवयित्री महदंबा महानुभाव पंथातील होती; वारकरी परंपरेत नामदेव शिंपी, तर जनाबाई दासी. मंगळवेढ्याचे चोखामेळा (मृत्यू १३३८) अस्पृश्य गणले गेल्याने त्यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता. ती वेदना त्यांच्या, पत्नी सोयराबाईंच्या व पुत्र कर्ममेळ्याच्या अभंगांतून व्यक्त होते आणि त्यांत कर्ममेळ्याचा सूर सर्वांत परखड आहे. श्रीगोंद्याचे सूफी संतकवी शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, तर इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मसंघीय) फादर थॉमस स्टीफन्स यांचे गोव्यात रचलेले ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले.