मानवाकृती-रेखाटन (पुणे)

मानवाकृती-रेखाटन : माणसाच्या शरीराची ठेवण, प्रमाण, तोल व हालचाल रेषेत उतरवण्याचा अभ्यास. पाश्चात्त्य पद्धतीने तो शिकवणारी शाळा पुण्यात पेशवाईतच निघाली.

इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने 1790 च्या दशकात शनिवारवाड्यात चित्रशाळा भरू लागली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तिचा गुरू. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची व्यक्तिचित्रे त्याने रंगवली. या वर्तुळात तयार झालेल्या गंगाराम तांबट याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. 1795 मध्ये वेल्स वारला, सवाई माधवरावही त्याच वर्षी गेले. वेल्सच्या अभ्यासचित्रांच्या आधारे थॉमस डॅनिएलने पेशवे दरबाराचे भव्य चित्र 1805 मध्ये पूर्ण केले.

गंगारामने लेण्यांत पाहिलेल्या मूर्तींमागे मोजमापाची स्वतंत्र परंपरा होती. शिल्पशास्त्रात चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, अर्थात 12 अंगुळे. नवताल मूर्ती 108 अंगुळांची. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र पुरुषांचे पाच प्रकार सांगते : हंस 108, भद्र 106, मालव्य 104, रुचक 100 आणि शश 90 अंगुळे. पाश्चात्त्य वर्गात माप डोक्याचे, टाळूपासून हनुवटीपर्यंत. सर्वसाधारण प्रौढ माणूस सुमारे साडेसात डोकी उंच, आदर्श आकृती आठ, वर्षाचे मूल जेमतेम चार. ताल केसांच्या रेषेपासून मोजतात. त्यामुळे नऊ ताल आणि आठ डोकी यांत दिसते तेवढे अंतर नाही.

शाळकरी मुलांची या विषयाशी गाठ पडते ती एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांच्या स्मरणचित्रात. बाजार, शेत किंवा सण काढायचा तर माणसे टाळता येत नाहीत, आणि हात आखूड, डोके मोठे या चुका तिथेच उघड्या पडतात. पुढचे शिक्षण टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थांत मिळते.

समोर बसलेल्या मॉडेलवरून काढताना आधी साऱ्या अंगाचा झोक एका रेषेत धरतात, मग खांदे व कंबर यांच्या तिरप्या रेषा, शेवटी तपशील. एका पायावर भार देऊन उभ्या माणसाची त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा सहसा खाली उतरतो. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पावलाजवळ येतो. नऊवारी किंवा धोतर असले, तर चुण्या कुठून ताणल्या आहेत ते पाहून आतला गुडघा शोधावा लागतो. मंडईत भाजी निवडणारी माणसे तर क्षणभरही स्थिर नसतात. तिथे खोडरबर बाजूला ठेवून पहिल्या झोकाच्या रेषेवरच भागवावे लागते.