लालबाग खडक

बंगळूरच्या लालबाग उद्यानातील पट्टिताश्माची (नाइस खडकाची) उघडी टेकडी. वय सुमारे ३०० कोटी वर्षे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले आहे. शहरातील कोरमंगला भागाहून ती सुमारे ५ किमी. पश्चिमेस आहे. उद्यानाच्या दक्षिण भागात तलाव असून खडक आणि पाणी एकाच फेरीत पाहता येतात.

हैदर अलीने १७६० मध्ये लालबागेची आखणी सुरू केली आणि टिपू सुलतानाने ती पुढे नेली. टेकडीच्या माथ्यावर एक छोटा मनोरा आहे. केंपेगौडांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार सीमा-मनोऱ्यांपैकी हा एक. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळाले, तेव्हाही हा खडक गावाबाहेर असाच उघडा पडलेला असणार.

खडकाचा रंग फिका राखाडी. त्यात गार आणि फेल्स्पार यांचे पांढरट पट्टे आणि कृष्णाभ्रकाचे काळपट पट्टे आलटून पालटून येतात. हे पट्टे सरळ नाहीत. ते वळतात, दुमडतात, काही ठिकाणी एकमेकांत मिसळून जातात. जमिनीखाली खोलवर, प्रचंड दाब आणि उष्णता सोसताना खडक मऊ होऊन वाहिल्याच्या या खुणा आहेत. म्हैसूर भूविज्ञान खात्याचे डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये या खडकसमूहाला ‘पेनिन्सुलर नाइस’ हे नाव दिले, आणि दक्षिण भारताच्या भूविज्ञानात ते पक्के झाले.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा खडक अनोळखी वाटतो, आणि त्याला कारण आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. तिथले डोंगर पायऱ्यांसारखे कापले जातात. इथे पायरी नाही, कडा नाही, सगळा खडक घुमटासारखा गोलावलेला. तरीही दोन्ही प्रदेशांचे नाते तुटक नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारीत घेतलेल्या विंधनविवरात ३३८ मीटर बेसाल्ट भेदल्यावर, त्याखालच्या गाळाच्या पातळ थराच्या तळाशी, याच प्राचीन प्रकारचा पायाचा खडक लागला. कोयनेच्या परिसरातही बेसाल्टखाली ग्रॅनाइट-नाइस आहे. लातूरकराच्या पायाखाली शेकडो मीटर खोल दडलेले इथे चपला घालून चालता येते. केवळ एवढ्यासाठी ही टेकडी मराठी विद्यार्थ्यांना दाखवावी.

थंड देशांत आणि हिमालयात हिवाळ्यात गोठणाऱ्या तलावांकाठच्या खडकांना वेगळी घडण मिळते. लडाखमधील पँगाँग तलाव सव्वाचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर असून, पाणी खारट असूनही हिवाळ्यात गोठतो. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. फटीत शिरलेले पाणी गोठले की ते खडक फोडते आणि धारदार तुकडे पडतात. बंगळूरला हे घडत नाही. इथले आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान १३ जानेवारी १८८४ चे, ७.८ अंश सेल्सिअस. त्यामुळे लालबागेचा तलाव गोठत नाही आणि खडकाची झीज ऊन, पाऊस व मुळे यांच्या संथ कामातून होते. वरचे ओझे झिजून गेल्यावर खडक किंचित फुगतो आणि पृष्ठाला समांतर फटी पडतात. मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे जाड थर सुटत जातात. घुमटाचा आकार त्यातूनच येतो. उथळ खळग्यांत पावसाचे पाणी साचते, भेगांत माती धरते आणि तिथे गवत उगवते.

या भागातील पाथरवटांनी खडकाची थराथराने सुटण्याची हीच सवय ओळखली होती. खडकाच्या पाठीवर लाकडाची आग लावून ती हळूहळू पुढे सरकवायची, तापलेला थर खालच्या खडकापासून सुटतो आणि मोठी सपाट फरशी हाती येते. सुरुंगाशिवाय एवढी समान जाडी मिळवण्याची ही रीत मला कुठल्याही स्मारकाइतकी मोलाची वाटते. बंगळूर परिसरात दगडी फरश्यांच्या भिंती आणि उभ्या दगडांची कुंपणे आजही दिसतात.

लालबागेच्या पूर्वेकडचा उतार कोरमंगला–चल्लघट्टा खोऱ्यात जातो आणि हे खोरे बेळ्ळंदूर तलावाकडे. खोऱ्यात जुने तलाव एकापुढे एक होते. कोरमंगलातील नॅशनल गेम्स व्हिलेज १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी अशाच एका तलावाच्या जागी उभे राहिले. बेळ्ळंदूरवर सांडपाण्यामुळे बर्फासारखा पांढरा फेस साचत असे आणि तलावाला आग लागल्याच्या घटनाही घडल्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा भेटीचा उत्तम काळ. सकाळी धुके असते, हवा कोरडी असते आणि तिरप्या उन्हात पट्ट्यांच्या घड्या स्पष्ट उठून दिसतात. दुपारच्या उन्हात त्या पुसट होतात. पावसाळ्यात खडक निसरडा असतो. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात गर्दी फार होते, तेव्हा खडकासाठी जाणाऱ्याने ते दिवस टाळावेत. खडकावर नावे कोरणे हा गंभीर अपराध मानला पाहिजे, कारण इथली जखम बुजत नाही. हाताशी वेळ असल्यास बसवनगुडीतील ब्यूगल रॉक आणि नैर्ऋत्येस सुमारे ५० किमी. वर रामनगरच्या टेकड्या पाहाव्यात. ‘शोले’मुळे माहीत असलेल्या त्या टेकड्यांचा क्लोजपेट ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा, म्हणजे लालबागेच्या खडकाहून वयाने धाकटा आहे.