श्वासाची शिदोरी

मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात, किंवा गोव्यात मुरगाव बंदराबाहेरील ग्रँड आयलंडच्या परिसरात, आज अनेक हौशी माणसे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरतात. पहिल्या खेपेची सारी सामग्री भाड्याची असते. पुढे या छंदाची गोडी लागली, रीतसर शिक्षण सुरू झाले, म्हणजे आपली स्वतःची सामग्री असावी असे वाटू लागते. आणि मग दुकानातील मांडणी पाहून नवशिका गांगरून जातो. मुखवटे दहा तऱ्हेचे, रेग्युलेटर वीस तऱ्हेचे, आणि प्रत्येक विक्रेता आपलाच माल अपरिहार्य असल्याचे सांगणारा. अशा वेळी कोणती वस्तू आधी घ्यावी आणि कोणती मागाहून, हे ठरवावयाचे कसे? या प्रश्नाचे उत्तर पाणबुड्यांच्या इतिहासात चांगले सापडते. कारण या सामग्रीतील बहुतेक प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या संकटावरील तोड म्हणून जन्मास आली आहे. ते संकट ओळखले म्हणजे वस्तूचे मोल कळते.

पाण्याखालचे पहिले संकट दाबाचे. वेताची लांब नळी तोंडात धरून तळाशी खुशाल श्वास घेत बसता येईल, ही कल्पना फार जुनी आहे. पण ती फसवी आहे. एक मीटर खोल पाण्यात शरीराच्या दर १०० चौरस सेंटिमीटर भागावर सुमारे १० किलोग्रॅमचा जादा भार पडतो. छातीचे स्नायू तेवढा भार उचलून वरची हवा आत ओढू शकत नाहीत. याचाच अर्थ असा की, पाणबुड्यास हवा पुरवायची तर ती भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची असली पाहिजे. दर १० मीटर खोलीस हा दाब एका वातावरणाने वाढतो. आज पृष्ठभागावर पोहताना वापरावयाची तोंडातील नळी जेमतेम वीतदीडवीत लांबीची का असते, याचेही कारण हेच.

एडमंड हॅली या ज्योतिर्विदाने १६९१ साली जी पाणघंटा तयार केली, तिच्यात ही अट आपोआप पुरी होत असे. तळाशी उघडी असलेली ती जड घंटा पाण्यात सोडली की आतील हवा पाण्याच्या दाबाने दबली जाई, आणि शिशाने जड केलेल्या पिंपांतून ताजी हवा खाली पोचविली जाई. परंतु घंटेतला माणूस घंटेशीच बांधलेला राही. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स व जॉन डीन या बंधूंनी धुराने भरलेल्या घरात शिरण्यासाठी एक शिरस्त्राण काढले. १८२३ साली त्याची सनद मिळाली, आणि काही वर्षांनी तेच शिरस्त्राण त्यांनी पाण्याखाली नेले. जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये स्थायिक झालेला यंत्रकार ऑगस्टस सीबे याने १८३० नंतरच्या दशकात त्याला अंगभर बंद पोशाखाची जोड दिली. तांब्याचे डोके, शिशाचे जोडे आणि वर नावेवर हवेचा पंप चालविणारी माणसे, हे पाणबुड्याचे चित्र त्यानंतर शंभर वर्षे लोकांच्या मनात कायम राहिले.

या पोशाखाची मोठी परीक्षा स्पिटहेड येथे झाली. १७८२ साली तेथे बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष हलविण्याचे काम कर्नल चार्ल्स पास्ली यांनी १८३९ मध्ये हाती घेतले आणि ते काही वर्षे चालले. पाणबुड्यांनी जोडीने उतरावे, ही आजही प्रत्येक नवशिक्यास घालून दिली जाणारी शिस्त या कामापासून सुरू झाली असे मानतात. याच कामावर आणखी एक गोष्ट आढळून आली: मुरलेले पाणबुडे संधिवाताने पिडलेले असत. तो संधिवात नव्हता, हे त्या वेळी कोणास उमगले नाही.

ते उमगावयास १८७८ साल उजाडावे लागले. पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने त्या वर्षी दाखवून दिले की, दाबाखाली श्वासातील नायट्रोजन वायू रक्तात व पेशीजालात विरघळतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे त्याप्रमाणे त्याचे बुडबुडे शरीरातच फुटू लागतात. सांधे दुखतात, हातपाय लुळे पडतात, प्रसंगी प्राण जातो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी बोकडशेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली पहिली विश्वासार्ह कोष्टके प्रसिद्ध केली. किती खोलीवर किती वेळ राहिल्यास वर येताना कोठे किती थांबावे, हे त्यांत सांगितले होते. हातातील घड्याळ, खोलीमापक आणि कोष्टक ही पाणबुड्याची तीन साधने या ज्ञानाची अपत्ये होत. १९८३ च्या सुमारास बाजारात आलेल्या मनगटी वा हाती संगणकांनी ही तिन्ही कामे एकत्र केली. नवशिक्याने हा लहानसा संगणक चैनीची वस्तू समजू नये. खोली आणि वेळ यांचा हिशेब अंदाजाने करणाऱ्यांनी त्याची किंमत पूर्वीच चुकती केलेली आहे.

आता राहिला वरच्या पंपाचा आणि दोराचा जाच. त्यातून सुटण्याची पहिली वाट खाणींतून आली. बन्वा रुकेरॉल हा फ्रेंच खाण-अभियंता आणि ओग्युस्त दनेरूझ हा नौदलाचा अधिकारी, या दोघांनी १८६० नंतरच्या काही वर्षांत पाणबुड्याच्या पाठीवर बसणारी एक युक्तीची झडप सिद्ध केली. माणसाने श्वास घेतला की आतील लवचीक पडदा हलावा, झडप उघडावी आणि लागेल तेवढीच हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाने, तोंडाशी यावी, असे हे यंत्र होते. ज्यूल व्हेर्नने आपल्या कादंबरीत कॅप्टन निमोच्या पाठीवर हेच यंत्र चढविले. व्हेर्नची कल्पना मात्र वास्तवाच्या पुष्कळ पुढे धावली होती, कारण त्या काळच्या टाक्यांना फार दाब सोसवत नसे. पाठीवरची शिदोरी थोड्या वेळात संपे आणि नळी पुन्हा नावेला जोडावी लागे.

दुसरी वाट शुद्ध प्राणवायूची. हेन्री फ्लूस याने १८७८ च्या सुमारास केलेल्या यंत्रात सोडलेला श्वास शुद्ध होऊन पुन्हा घेता येई. १८८० साली सेव्हर्न नदीखालील बोगद्यात पाणी भरले, तेव्हा अलेक्झांडर लॅम्बर्ट या पाणबुड्याने हेच यंत्र बांधून काळोखात वाट काढली आणि आतील लोखंडी दार बंद केले. पराक्रम खराच, पण शुद्ध प्राणवायू थोड्याशा खोलीवरही विषासारखा होतो आणि माणसास झटके येतात. हौशी पाणबुड्याच्या सिलिंडरात म्हणूनच साधी, स्वच्छ, कोरडी हवा भरलेली असते. त्याला ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणण्याची रूढी पडली आहे. ती नवशिक्याने पहिल्याच दिवशी सोडावी.

यानंतरचा अध्याय भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर घडला, आणि त्याचे नायक पोहणारे होते. लुई द कोर्लिय या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ साली पायांत घालावयाच्या रबरी पंखांची सनद घेतली. त्याच वर्षी ईव्ह ल प्रिअर याने भारी दाबाचे सिलिंडर आणि तोंडभर मुखवटा यांचे सुधारलेले साधन पुढे आणले. परंतु त्यातील हवा हाताने चावी फिरवून सोडावी लागे, आणि ती सतत वाहत राहून वाया जाई. या काळात पोहणारे डोळ्यांपुरते चष्मे लावीत. खोल जाताच चष्म्यातील हवा दबे, काचा डोळ्यांत रुतत आणि आत हवा सोडण्यास मार्ग नसे. नाक झाकणारा एकभिंगी मुखवटा आला तेव्हा हा जाच संपला, कारण नाकाने थोडी हवा आत सोडली की दाब सारखा होतो.

नवशिक्याने पहिला पैसा खर्चावा तो येथे. मुखवटा, श्वासनळी आणि पायांतील पंख या तीन वस्तू अंगच्या मापाच्या असाव्या लागतात, आणि दुसऱ्याचे माप आपल्याला बसत नाही. मुखवट्याची परीक्षा सोपी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास ओढावा. हात सोडूनही तो जागच्या जागी राहिला तर तो आपला. किंमत, रंग, नाव या गोष्टी त्यानंतरच्या. मिशा राखणाऱ्यांस कड नीट बसण्यासाठी थोडी अधिक खटपट करावी लागते. नाक बाहेरून चिमटीत धरता येते की नाही हेही पाहावे, कारण कानांतील दाब सारखा करण्यास ते करावेच लागते. पंख घट्ट असले तर पायात गोळे येतात, सैल असले तर ते घासतात आणि निसटतात. फार मोठे व ताठ पंख पट्टीच्या पोहणाऱ्याला शोभतात; नवख्याचे पाय त्यांनी थकतात.

ज्या वस्तूने हा छंद सर्वांच्या आवाक्यात आणला, ती मात्र युद्धकाळातील टंचाईची देणगी आहे. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मोटारी कोळशाच्या वायूवर चालू लागल्या. इंजिनास हवा तेवढाच वायू देणारी झडप एमिल गान्याँ हा अभियंता तयार करीत होता. १९४२ च्या डिसेंबरात नौदलातील झाक-ईव्ह कूस्तो पॅरिसला त्याच्याकडे आला, आणि ती झडप पाण्याखाली नेण्याचे ठरले. पुढच्याच महिन्यात मार्न नदीत पहिली चाचणी झाली. कूस्तो आडवा पोहत होता तोवर सारे ठीक होते. उभा राहताच हवा भसाभसा वाया जाऊ लागली, आणि डोके खाली करताच श्वास ओढणे अवघड झाले. दोघांना कारण सापडले. सोडलेली हवा बाहेर जाण्याचे तोंड आणि हवा देणारी झडप यांच्या पातळीत अंतर होते, म्हणून दाबातही अंतर पडत होते. दोन्ही एका जागी आणताच यंत्र सर्व बाजूंनी चालू लागले. १९४३ च्या जूनमध्ये बांदोल येथे कूस्तो, फिलिप तायेझ आणि फ्रेदेरिक द्युमा यांनी ते समुद्रात वापरले. पाणबुडा दोरापासून मुक्त झाला.

मुक्ततेने नवी संकटेही आणली. त्याच वर्षी ऑक्टोबरात द्युमा ६२ मीटरपर्यंत उतरला, आणि दाबाखालील नायट्रोजनची मदिरेसारखी धुंदी कशी चढते हे त्याने अनुभवले. १९४७ साली त्यांचा सहकारी मोरिस फार्ग सुमारे १२० मीटर खोलीवर जाऊन परतला नाही. पाण्याखाली कुशलात कुशल माणसाचेही भान हरपते, आणि उत्तम यंत्र ते परत आणून देत नाही. रेग्युलेटर आणि सिलिंडर शिक्षणाआधी विकत घेऊ नये, या नियमाच्या मागे हे अनुभव आहेत.

पुढील तीन दशकांत आजचा संच आकारास आला. ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९५१-५२ च्या सुमारास स्पंजासारख्या निओप्रीनचा पोशाख सुचविला. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड याने १९५२ साली एकाच नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला, आणि आजचे रेग्युलेटर त्याच वाटेने आले आहेत. त्या काळी हवा किती उरली हे पाहण्यास सहसा दाबमापक नसे. श्वास जड झाला की सिलिंडरवरची दांडी ओढून राखीव हवा मोकळी करावयाची. दांडी कुठे अडकून आधीच ओढली गेली असेल, तर राखीव हवा केव्हाच संपलेली असे. या धोक्यातून नळीच्या टोकास लोंबणारा दाबमापक आला. निओप्रीनचा पोशाख खोलीवर दबून पातळ होतो आणि माणूस जड होऊन बुडू लागतो. त्यावर उपाय म्हणून १९६० नंतर फुगविता येणारे गळपट्टे आणि १९७० नंतर हवा भरता-सोडता येणारी जाकिटे आली.

हिशेब मांडून पाहिला म्हणजे या साधनांचे महत्त्व पटते. १२ लिटरचे सिलिंडर २०० वातावरण दाबाने भरले, तर त्यात सुमारे २४०० लिटर हवा मावते. शांत माणूस मिनिटास २० लिटर हवा घेतो असे धरले, तर पृष्ठभागावर ही शिदोरी दोन तास पुरेल. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून ती तासभर; ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून अर्धाच तास. त्यातूनही पाव हिस्सा राखीव ठेवावयाचा. घाबरलेला माणूस याहून पुष्कळ जास्त हवा खातो. वर येताना मात्र हीच हवा फुगते, आणि श्वास रोखून धरणाऱ्याचे फुप्फुस फाडू शकते. म्हणून श्वास कधीही रोखू नये, हा या विद्येचा पहिला नियम ठरला.

यावरून नवशिक्याच्या खरेदीचा क्रम सहज लागतो. आधी मुखवटा, श्वासनळी आणि पंख. मग अंगास बसणारा पोशाख, आणि आपल्या उबदार किनाऱ्यांवर तो पातळ असला तरी चालतो. शिक्षण पुरे झाल्यावर संगणक. भाड्याची निरनिराळी साधने वापरून आपल्याला काय मानवते ते कळले म्हणजे दाबमापकासह रेग्युलेटर आणि जाकीट. रेग्युलेटर घेताना त्याची वेळोवेळी तपासणी व दुरुस्ती आपल्या गावाजवळ होऊ शकेल की नाही, हे किमतीच्या आधी विचारावे. सिलिंडर व शिसे अखेरपर्यंत भाड्याने घेतले तरी बिघडत नाही. ती वाहून नेणे कष्टाचे आणि सिलिंडरची ठराविक मुदतीची दाबचाचणी खर्चाची.

ही विद्या केवळ करमणुकीची नव्हे. १९८० नंतरच्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रतळाचा शोध घेतला गेला, तो अशीच सामग्री बांधून उतरलेल्या माणसांनी. त्यांनाही आपल्या मापाचा मुखवटा निवडूनच आरंभ करावा लागला असेल. दुकानात उभ्या असलेल्या नवशिक्याने प्रत्येक वस्तू हाती घेऊन एकच विचारावे: ही कोणत्या संकटासाठी आहे, आणि त्या संकटाची मला ओळख झाली आहे काय? ज्या वस्तूबद्दल दोन्ही उत्तरे देता येतील ती खुशाल घ्यावी. बाकीच्या थांबू शकतात.